हुतात्म्यांचा गुलाबी

आयर्लंडमधल्या एका गावात हर्लिंगचा, म्हणजे काठ्यांनी चेंडू टोलवायच्या खेळाचा, संघ होता. त्यांच्या गुलाबी जर्सी चाळीस वर्षं धुता धुता नोरा डिव्हेनच्या हातांची सालटी निघाली होती.

यंदा नव्या पांढऱ्या जर्सी आल्या, पण तो गुलाबी कुठल्याच रंगाऱ्याला साधेना. शहरातून आलेले नवे अध्यक्ष कॉरिगनसाहेब भरसभेत गरजले, "हा रंग हुतात्म्यांच्या रक्ताचा आहे! जुन्या जर्सी तूच विटवल्यास. रविवारच्या सामन्याआधी तोच रंग आण, नाहीतर काम सोड."

नोराने थकल्या आवाजात विचारलं, "आणला, तर ज्याच्यामुळे तो आला त्याला मान द्याल?"

"अख्ख्या गावासमोर टोपी काढून वाकेन!"

रविवारी जर्सी हुबेहूब गुलाबी झाल्या. साहेब गाव घेऊन नोराच्या अंगणात आले. "कुठे आहे ती पवित्र वस्तू?"

नोराने दोरीवरच्या लाल परकराकडे बोट दाखवलं. "पहिल्या वर्षी हा चुकून पांढऱ्या जर्सींत भिजला. नेमके त्याच वर्षी आपण जिंकलो, मग कुणी रंग बदलू देईना. अजून रंग सोडतोय मेला. वाका लवकर साहेब, माझे मोजे धुवायचे राहिलेत."