तारेखालचा दोरा

"म्हणजे आत्ताच करू, की दोन वर्षांनी? एवढंच सांगा, चाचा."

बशीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात ते एका वाळल्या भोपळ्यावर हात फिरवत बसले होते. तंबोरे बनवण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला कसली घाई!

"काय आत्ताच करू?"

"एम.एस्सी. हो! फॉर्म भरायला आज पाच वाजेपर्यंतच मुदत आहे. आणि पुण्याच्या कंपनीला नोकरीचं कळवायचं, तेही पाचच्या आत."

ऋजुता बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली होती, आणि तेही याच दुकानातल्या तंबोऱ्यांच्या नादावर प्रकल्प करून. हुशारीचा तिला थोडा तोराच होता, खोटं कशाला बोला! पण गेल्या आठ दिवसांत त्या हुशारीची पार दाणादाण उडाली होती.

मामा म्हणे, एकदा पगाराची सवय लागली की पुस्तकाला हात लावणार नाहीस. मैत्रीण म्हणे, आधी जग बघ, मग कळेल काय शिकायचंय ते. दोघांचंही पटत होतं, तीच तर पंचाईत. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव." मेलं, हे तर सगळ्यांत वाईट!

"वहीत दोन रकाने केलेत, चाचा. दोन्हीकडे सारखेच मुद्दे. मला नक्की वेळ कळायला हवी. चुकली तर दोन वर्षं फुकट. भीती वाटते हो..."

चाचा उठले. कोपऱ्यातला एक तंबोरा आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

तिच्या प्रकल्पाचाच तो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तिने केलेली पेन्सिलची बारीक खूण अजून होती. तिथे प्रत्येक तारेखाली एक सुती दोरा नुसता अडकवलेला असतो. तो केसभर सरकवला की नाद खुलतो, नाहीतर बसतो. गेल्या वर्षी जिथे नाद खुलला ती जागा ऋजुताने मोजून आखून ठेवली होती. "आता कुणालाही लावता येईल," असंही वर म्हणाली होती. चाचा तेव्हा नुसते हसले होते.

"लाव दोरा. तुझ्या खुणेवर."

तिने लावला. तार छेडली.

पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटावा तसा आवाज आला.

"खूण तर बरोबर आहे!"

"आहे की."

"मग?"

"हवा बदलली. तार बदलली. शोध आता नवी जागा."

ऋजुता वाकली. डोळे बारीक करून तिने घोडी न्याहाळली. पट्टी लावून मोजलं, वहीत आकडे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. दोरा दोन बोटांत धरून तशीच बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होत आले होते. तिला रडूच यायला लागलं.

"काय करतेस?"

"जागा शोधतेय. सापडली की वाजवते."



चाचांनी हात पुढे करून तार छेडली. पुन्हा छेडली. छेडतच राहिले. तो भसाडा आवाज दुकानभर झाला. रस्त्यावरचा एक माणूस थबकून आत डोकावला. ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईघाईने दोरा सरकवला. आणखी वाईट! मागे घेतला. जरा बरं. अजून केसभर...

आणि नाद उघडला. भिंतीला टांगलेले तंबोरेसुद्धा हलकेच गुणगुणू लागले.

"सापडली! चाचा, सापडली!" तिला कोण आनंद झाला. "थांबा, पेन्सिल कुठाय? खूण करून ठेवते."

चाचांनी अंगठा ओला केला आणि तिची जुनी खूणही पुसून टाकली.

ती बघतच राहिली. मग तिने मोबाइल काढला. अर्धा भरलेला फॉर्म उघडला, राहिलेले रकाने भरले, शेवटच्या बटणावर बोट नेलं... आणि तिथेच अडली.

"पाठवल्यावर वाटलं, चुकलंच, तर?"

चाचांनी भोपळा पुन्हा मांडीवर घेतला.

"पोरी, या दोऱ्याला कधी गाठ मारलेली बघितलीस?"