पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची

"थेट म्हणजे थेट! मी सांगतो म्हणून थेट!" हैबतरावांनी टेबलावर मूठ आपटली.

"कुस्ती गेल्या जत्रेतली, आबासाहेब! पैलवानांच्या अंगाची माती धुऊन वर्ष झालं. तिला 'थेट' कसं लिहू?" गिरजानं विचारलं.

हैबतराव म्हणजे निंबसर गावच्या केबलचे मालक. गावची वाहिनीही त्यांचीच. आज काय लागणार याची यादी पडद्यावर टाकायचं काम गिरजाचं. परटाची पोर, शाळा सातवीत सुटलेली. पण कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्याच्यापुढे एक अक्षर लिहायची नाही. मालकांचं उलटं! ते बघायचे काहीच नाहीत, आणि जुन्याला 'नवा', शिळ्याला 'थेट' लावायला सांगायचे. ओरडून सांगितलं की खरं होतं, असा त्यांचा समज!

"मागल्या गुरुवारी तुम्ही 'थेट आरती' लिहायला लावलंत," गिरजा म्हणाली. "बायका निरांजनं लावून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. आणि घंटा वाजवतंय कोण? धोंडू गुरव! ते तर होळीलाच गेले! त्यांची बायको मला विचारते, स्वर्गातून थेट का गं?"

"खरं लिहिलंस तर काळं कुत्रं बघणार नाही!"

"बघतील."

"बघतील? मग ऐक! आज संध्याकाळी सहाला तीच कुस्ती. यादीत एक शब्द खोटा नको. आणि पारावर एक माणूस दिसता कामा नये. दिसला, तर उद्यापासून बापाच्या जागी घाटावर कपडे आपट!"

"आणि पार रिकामा दिसला तर?"

"मागशील ते देईन!"

चार वेळा दाखवून झालेली कुस्ती, निकाल पोराटोरांना पाठ! ऑफिसातली माणसं चुकचुकली. बापाचे गुडघे धरलेले, घरची चूल गिरजाच्या नोकरीवर. ती मात्र जागेवर जाऊन बसली आणि तिनं लिहिलं:

'सायंकाळी सहा. कुस्ती. गेल्या सालची, पाचव्यांदा. कोण जिंकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी पैलवान पाहू नका. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची पाहा.'

सहा वाजून गेल्यावर हैबतराव काठी घेऊन पारावर पोचले. पत्त्यांचा डाव नाही. भजीवाल्याचा पत्ता नाही. एक शेळी तेवढी पाला खात उभी. इतक्यात घराघरांतून हशा उसळला! ते लगबगीनं समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरले. एका बाकावर अकरा माणसं!

पडद्यावर नुकतीच धोबीपछाड पडली होती. अख्खी जत्रा उठून ओरडत होती. आणि तिसऱ्या खुर्चीत प्रमुख पाहुणे हैबतराव, तोंड उघडं टाकून, गाढ झोपलेले! गळ्यातल्या हारातलं झेंडूचं फूल दर श्वासाला वर, खाली, वर, खाली!

आणि हेच हैबतराव वर्षभर सांगत होते, "तो डाव मी दोन हातांवरून पाहिला, पापणी लवू दिली नाही!"

अर्ध्या दाढीचा फेस पुसत एक म्हातारा म्हणाला, "आबासाहेब, पापणी खरंच लवली नाही हो!"

हैबतराव तडक ऑफिसात आले. "गिरजे! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"यादीत एक शब्द खोटा होता?"

"नाही."

"पारावर कोणी होतं?"

"शेळी होती."

"तिच्याकडे टीव्ही नाही, आबासाहेब!"

हैबतरावांच्या मिशा थरथरल्या. आता हे फुटणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि ते फुटलेच! इतके हसले की टेबल धरून खाली बसले.

"माग, काय मागतेस?"

"यादी माझ्या हातची. तुम्ही तिला बोट लावायचं नाही."

"दिली! आणि तुझा पगारही वाढवला!" त्यांनी डोळे पुसले. तरी त्यांना राहवेना. "पण पोरी, नुसतं 'थेट' लिहिलं असतंस, तर लोकांनी पैलवान पाहिले असते. माझी झोप झाकली गेली असती की!"

"थेट लिहिलं असतं तर, आबासाहेब, निम्मं गाव तुमच्यासाठी उशी घेऊन आखाड्यात धावलं असतं!"