गाळ बसेना, मणी दिसेना

आधी मणी पडला, म्हणून उडी मारली? की आधी उडी मारली, म्हणून मणी पडला? बुटुक बेडकीला नीट आठवेना.

विहिरीजवळ दगडी डोण. डोणीत पाणी. पाण्यात बुटुक. गळ्यात नुसता दोरा. दोऱ्यात ताईचा लाल मणी होता, न विचारता घेतलेला. तो पडला पाण्यात. आणि पाणी झालं चहासारखं.

बुटुक म्हणाली, "गाळा, गाळा, खाली बस. कुणीतरी पाणी ढवळलं. पाणी निवळेना, ताईचा मणी दिसेना."

गाळ म्हणाला, "आम्ही मातीचे बारीक बारीक कण. एकमेकांना ढकलतो. तू सरक, तू सरक. चिकटलो तर जड होऊ. जड झालो तर बसू. निवळीच्या बीचा रस आण."

टुपुक टुपुक. बुटुक निवळीच्या झाडाखाली गेली.

"बी, बी, रस दे. कुणीतरी पाणी ढवळलं. गाळ बसेना, पाणी निवळेना, ताईचा मणी दिसेना."

बी म्हणाली, "कुणीतरी म्हणजे कोण गं?"

बुटुकने मान खाली घातली.

"बरं, राहू दे. मी आहे टणक. सहाणेने उगाळलं तर रस देईन."

बुटुकने बी पाठीवर घेतली. टुपुक टुपुक. दाराशी सहाण होती.

"सहाणे, सहाणे, बी उगाळ. कुणीतरी पाणी ढवळलं. बी रस देईना, गाळ बसेना, पाणी निवळेना, ताईचा मणी दिसेना."

सहाण म्हणाली, "मला का हात आहेत? काशीआत्याने हात लावला तर उगाळीन. आणि तुझे पाय गं कशाने भरले?"

बुटुकने पाय पोटाशी घेतले.

टुपुक टुपुक. काशीआत्या ओट्यावर शेंगा सोलत होती.

"आत्या, आत्या, हात लाव. कुणीतरी पाणी ढवळलं. सहाण उगाळेना, बी रस देईना, गाळ बसेना, पाणी निवळेना, ताईचा मणी दिसेना."

आत्या म्हणाली, "लावते की. आधी सांग, कुणी ढवळलं?"

बुटुक शेंगांकडे बघत राहिली. एक शेंग फुटली, कट. दुसरी फुटली, कट. बुटुकचे गाल गरम झाले.

"मी," ती अगदी हळू म्हणाली. "मी उडी मारली. डुबुक. मणीपण मीच घेतला."

"हं," आत्या म्हणाली. आणि उठली.

मग आत्याने हात लावला. सहाणेने बी उगाळली, खर्र खर्र. बीने रस दिला. रस पाण्यात गेला. कण कणाला चिकटला. जड झाला. गाळ खाली बसला. पाणी निवळलं. ताईचा मणी दिसला.

बुटुकने उडी मारली नाही. अलगद उतरली. मणी घेऊन ताईकडे गेली.

"ताई, मी न विचारता घेतला होता."

"ठाऊक आहे. मणी ठेवला होता त्या पानावर तुझे चिखलाचे पाय होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले," ताई म्हणाली. तिने मणी दोऱ्यात ओवला. "आता विचार."

"ताई, घालू?"

"घाल."

पुढे कितीतरी वर्षांनी बुटुक म्हातारी झाली. एकदा ती डोणीच्या काठावर बसली. पाणी अगदी शांत होतं. तिने तोच मणी पाण्यात सोडला. टुप्. मणी तळाशी गेला. गाळ उठला नाही. पाणी गढूळ झालं नाही. मणी लालच्या लाल दिसत होता. आधी मणी पडला असता, तर तेव्हाही असाच दिसला असता, अलगद उतरून घेता आला असता.

म्हणजे आधी उडीच मारली होती.