सासूची चूक

नदीकाठच्या एका गावात एक सासू शिकायला बसली होती आणि तिची सून तिला शिकवत होती. उलटी गंगाच म्हणा! पण दोघींचं गूळपीठ असं होतं, की गावानं कौतुक करावं.

सासूचं नाव शालन. अंगणवाडीत ती मदतनीस होती. पोरांना खिचडी शिजवून घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता तिथल्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. शालन दहावी पास झाली, तर ती जागा तिला मिळणार होती. बाकीचे विषय सुटले होते. घोडं अडलं होतं फक्त गणितात, आणि ही शेवटची संधी होती.

सून करुणा गणित घेऊन पदवीधर झालेली. ती सासूला आत्या म्हणायची. रोज दिवेलागणीला दोघी पाटी घेऊन सोप्यात बसायच्या. सगळं बरं चाललं होतं. पण समीकरणात अपूर्णांक आला, की शालनचा हात हमखास चुकायचा.

करुणाला ती चूक दिसायची. पण सासूला तोंडावर ‘चुकलं’ कसं म्हणायचं? माहेरच्या संस्कारात ते बसत नव्हतं. मग ती म्हणायची, “छान हं, आत्या!” आणि शालन चुलीकडे वळली, की हळूच आकडे नीट करून ठेवायची. परत आल्यावर शालन बरोबर उत्तर बघायची आणि खूश व्हायची. करुणालाही वाटायचं, चला, आत्यांचा मान राहिला.

एके दिवशी शेजारची नंदा आली. तिलाही तीच परीक्षा द्यायची होती. “काकू, मला अपूर्णांक शिकवा की!” ती म्हणाली. शालनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं पाटी पुढं ओढली.

“हे बघ. एका संख्येचा तिसरा भाग घेतला, त्यात दोन मिळवले, तर पाच झाले. संख्या कोणती? संख्येला म्हणायचं क्ष. खालचा तीन घालवायला तिनानं गुणायचं. राहिलं काय? क्ष अधिक दोन बरोबर पाच. म्हणून क्ष तीन. हाय काय अन् नाय काय!”

नंदा भराभर उतरवून घेऊ लागली. आता एक सोडून दोघी बुडणार होत्या. आणि बोलावं, तर नंदाच्या देखत! नंदाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सुनेनं सासूचा पाणउतारा केला, हे सकाळपर्यंत गावभर झालं असतं.

पण करुणानं मन घट्ट केलं. “आत्या, चुकलंय ते.”

शालन चमकली. “मग रोज छान छान म्हणत होतीस, ते गं?”

“खोटं बोलत होते, आत्या. तुम्ही उठलात की मीच दुरुस्त करत होते. म्हटलं, तुमचा मान...”

“अगं, परीक्षेत कोण येणार होतं माझा मान राखायला?” शालनचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. करुणालाही रडू फुटलं.

मग शालननं पदरानं डोळे पुसले. “बरं, रडू नको. कुठं चुकलं ते सांग.”

“अंगणवाडीत एकाच पोराला तिप्पट खिचडी वाढली आणि बाकीच्यांना होती तेवढीच ठेवली, तर?”

“ताटल्या आपटतील माझ्या नावानं!”

“मग इथं दोनाला आणि पाचाला उपाशी का ठेवलंत? तिनानं गुणायचं, तर सगळ्यांनाच गुणायचं.”

“अगं बया!” शालननं पाटी पुसली. दोनाचे सहा केले, पाचाचे पंधरा. पंधरातून सहा वजा केले. क्ष आला नऊ. मग न सांगता तिनं ताळा पाहिला. नवाचा तिसरा भाग तीन, त्यात दोन, झाले पाच. “बसलं गं, माझं मला बसलं!” ती लहान पोरीसारखी ओरडली.

त्या दिवसापासून करुणा चूक दिसली की तिथल्या तिथं सांगू लागली. शालन कधी फुरंगटायची, पण पुसून पुन्हा मांडायची. निकाल लागला. शालन पास झाली आणि सेविकेची जागा तिला मिळाली; नंदाही पास झाली.

पेढा खाता खाता नंदा म्हणाली, “पण काकू, सासूची चूक काढणारी सून मला नाही बाई चालायची!”

शालननं करुणाला जवळ ओढलं. “आजवर सगळ्यांनी माझ्या चुका पोटात घातल्या, म्हणून मी मदतनीसच राहिले. हिनं चूक तोंडावर सांगितली, म्हणून सेविका झाले.”

तात्पर्य: ज्याचा मान खरोखर राखायचा आहे, त्याची चूक झाकू नये, ती मायेनं दाखवावी आणि त्याची त्यालाच सुधारू द्यावी.