डब्याच्या कपाळाचं कुंकू

पत्र्याला बोलता येत होतं, पण माणसांना ते ऐकू येत नव्हतं, त्या काळातली गोष्ट. तहसील कचेरीसमोर निर्मलाताई लोकांचे अर्ज टाइप करून देत. त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा जाड पत्र्याचा होता. दर खंडेनवमीला त्या डब्याच्या कपाळावर हळदकुंकू लावत. आतला मदरबोर्ड वर्षभर राबे आणि पूजा डब्याची होई.

एके दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला अस्लम म्हणाला, "ताई, आतलं सगळं नवीन टाकू. डबा मात्र ठेवा. असा पत्रा आता मिळत नाही."

मदरबोर्ड घाबरून डब्याला म्हणाला, "दादा, माझे स्क्रू घट्ट धरून ठेव. सुटलो की भंगारात जाईन."

"कुंकू कुणाला लागतं? तू गेलास म्हणून माझं काय अडतंय?" असं म्हणत डब्याने सगळे स्क्रू सोडले. अस्लमने मदरबोर्ड भंगाराच्या पोत्यात टाकला.

नवा मदरबोर्ड बसला आणि तासाभरात तापून बंद पडला.

"याला हवा लागते," अस्लम म्हणाला. "समोरचा पत्रा कापून जाळी लावतो."

"अरे, पूजेची जागा आहे ती."

"मग नवीन मशीन जळेल, ताई."

"काप बाबा. लोक खोळंबलेत."

"अरे, तू तरी थांबव त्यांना!" डबा आतल्या नव्यावर ओरडला.

"कापू दे. माझा जीव गुदमरतोय."

ग्राइंडर फिरला. कपाळाचा तुकडा पोत्यात, जुन्या मदरबोर्डावर पालथा पडला.

"आलास?" मदरबोर्ड म्हणाला. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कुंकू मला लागलं."