इंजिनाचा श्वास आणि पत्र्याचा डबा

विमानं आपसांत बोलत असत, त्या काळातली गोष्ट. डोंगरापलीकडच्या गावांना औषधं पोचवणाऱ्या एका लहान विमानाच्या इंजिनाला आपल्या श्वासाचा फार अभिमान होता. "इतकी वर्षं धापा टाकतोय, पण विमानाच्या पोटावर तेलाचा एक डाग दाखवा," असं ते शेजारच्या विमानांना ऐकवी.

श्वासनळीला जोडलेला पत्र्याचा डबा गप्प राही. इंजिनाच्या श्वासातून वाफेबरोबर येणारं तेल अडवून तो थेंब थेंब परत इंजिनात सोडत असे.

एकदा डब्याला चीर गेली. मेकॅनिक दमयंतीबाईंनी तो सांधायला काढला आणि वैमानिकाला म्हणाल्या, "श्वासनळी आता उघडीच आहे. तेलाच्या काट्यावर नजर ठेवा."

"बरं झालं, ओझं गेलं," इंजिन म्हणालं.

अर्ध्या वाटेतच काटा खाली आला, इंजिनाच्या घशाला कोरड पडली. औषधं तशीच घेऊन वैमानिकाला मागं फिरावं लागलं. दमयंतीबाई विमानाचं पोट पुसायला बसल्या, तर फडकं काळंकुट्ट झालं.

"हे तेल कुणाचं?" इंजिनानं विचारलं.

"तुझंच," फडकं म्हणालं. "आजवर डबा तुला परत देत होता."

सकाळी डबा जागेवर आला. इंजिन हळूच म्हणालं, "कधी बोलला का नाहीस रे?"

"तोंडात तुझं तेल असायचं," डबा म्हणाला.

औषधं त्या दिवशी पोचली. विमानाच्या स्वच्छ पोटाचं आता कुणी कौतुक केलं, की इंजिन म्हणतं, "डब्याला विचारा." डब्याचं तोंड मात्र भरलेलंच असतं.