पाणपोईची मागची बाजू

एकदा एका बाजारपेठेच्या गावी धान्याच्या एका व्यापाऱ्यावर मोठं संकट कोसळलं. त्याची मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि म्हणाली, "मी बी.ए. करणार. इतिहास घेऊन."

व्यापाऱ्याने समजावलं, मग तो रागावला, मग एक वेळ जेवलाही नाही. (आईबापांची शस्त्रं किती बोथट असतात, हे ती उगारेपर्यंत कळत नाही.) शेवटी तो मुलीला घेऊन तिच्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

"गुरुजी, तुम्हीच सांगा हिला. मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून कोणाचं भलं झालंय?"

"राजांचं कोण विचारतंय, बाबा?" मुलगी म्हणाली. "मी आपल्या पाणपोईबद्दल विचारलं, तेव्हापासून तुम्ही चिडलाय."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. पेठेच्या तोंडाशी त्याच्या आजोबांनी दगडी पाणपोई बांधली होती. 'सर्वांसाठी' अशी अक्षरं तिच्यावर कोरलेली होती. घराण्याची अब्रूच ती. मुलीने एवढंच विचारलं होतं की, सर्वांसाठी पुढे ऐसपैस कट्टा आहे, तर मागच्या भिंतीतून बाहेर काढलेली ती पन्हळ कोणासाठी?

"गुरांसाठी, सांगितलं ना!"

"मग खाली गुरांना प्यायला डोणी का नाही?"

"बघितलंत, गुरुजी? आत्ताच ही तऱ्हा. इतिहास शिकली तर माझ्यावरच खटला चालवेल ही!"

गुरुजी हसले. "समजावू हं. पण आधी मला तहान लागली आहे. चला, तुमच्या पाणपोईवरच जाऊ."

तिथे पोहोचल्यावर व्यापाऱ्याने अदबीने लोटा पुढे केला. गुरुजी मात्र कट्टा चढलेच नाहीत. काठी टेकत ते मागे गेले, धुळीत उकिडवे बसले आणि पन्हळीखाली ओंजळ धरली.

"शेठ, इथे ओता."

जाणारे-येणारे थबकले. "गुरुजी, माझी लाज काढता का? वर या!" व्यापारी म्हणाला.

"पाणी सर्वांसाठी आहे ना? मग ओता."

निरुपायाने व्यापारी आत गेला आणि त्याने पन्हळीत पाणी सोडलं. गुरुजी प्यायले. कोपरांवरून ओघळ धुळीत पडत राहिले. मग त्यांनी तिथूनच विचारलं, "मी दिसतो का हो, शेठ?"

व्यापारी आतून म्हणाला, "नाही. नुसते हात दिसतात."

गुरुजी धोतराला हात पुसत पुढे आले. "तुमच्या आजोबांनाही तेवढंच दिसलं असेल. ज्यांना कट्ट्याला शिवायची बंदी होती, ती माणसं मागे बसायची. आतून ओतणाऱ्याला वाटतं, आपण सर्वांना पाणी पाजलं. बाहेर बसणाऱ्याला काय वाटलं, ते कोणी दगडावर कोरलं नाही. इतिहास शिकणं म्हणजे भिंतीला वळसा घालून तिथे जाऊन बसणं. सनावळ्या या फक्त त्या वाटेवरच्या खुणा."

"पण त्यांनी पाणी तर दिलं ना?" व्यापाऱ्याचा आवाज चिरकला. "त्या काळी किती जण देत होते?"

गुरुजींनी मुलीकडे पाहिलं. याचं उत्तर तिनेच द्यायचं होतं.

"दिलं, बाबा," ती म्हणाली. "तेही लिहीन. पन्हळही लिहीन. तुम्ही परवानगी दिलीत तरी, नाही दिलीत तरी. त्यातलं एकच लिही म्हणालात, तर ते जमणार नाही."

व्यापारी खाली उतरला, मागे गेला आणि गुडघे कुरकुरत असतानाही पन्हळीपाशी बसला. पेठ बघत होती. बराच वेळ तो उठला नाही. मग मान वर न करताच त्याने विचारलं, "प्रवेशाची मुदत कधीपर्यंत आहे गं?"

आपलं मूल असे प्रश्न विचारू लागेल, या विचारानेच पोटात गोळा येतो. माझ्या तर येतोच, आणि माझी लेक अजून धड बोलतही नाही. तरी सांगते: गोळा खुशाल येऊ द्यावा, प्रश्न अडवू नये.